ऊन पाण्याची गावं

राजुऱ्यात मे महिन्यात कुणाला गरम पाण्याच्या झऱ्याबद्दल सांगायला जावं, तर ऐकणारा आधी कपाळावरचा घाम पुसतो. पारा ४६–४७ अंशांवर असतो. छतावरच्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देतं आणि संध्याकाळच्या अंघोळीसाठी ते बादलीत भरून निववत ठेवावं लागतं. अशा गावात बसून गरम पाण्याच्या कुंडांवर पुस्तक लिहायचं, हे पुष्कळांना पटलं नाही. मला मात्र ते इथेच बसून लिहायचं होतं. त्याची कारणं सांगण्यासाठी ही प्रस्तावना थोडी लांबणार आहे.

पहिलं कारण एका शब्दाचं आहे. आमच्या घरी आजी कधी ‘गरम पाणी’ म्हणाली नाही. ‘ऊन पाणी काढलं आहे, न्हाऊन घे,’ असं ती म्हणे. थंडीच्या दिवसांत अंगणातल्या चुलीवर गुंड चढायचा, तुऱ्हाट्या पेटायच्या आणि घंगाळातून वाफ निघायची. आकाशातलं ते ऊन आणि घंगाळातलं तेही ऊनच. लहानपणी मला वाटे की सूर्याने तापवलेलं म्हणून ते ऊन पाणी. पुढे कळलं की दोन्हींचं मूळ ‘उष्ण’ या एकाच शब्दात आहे. त्यानंतर महाराष्ट्राच्या नकाशावर गरम झऱ्यांची गावं शोधताना हाच शब्द पुन्हा पुन्हा समोर आला. नांदेड जिल्ह्यात पैनगंगेच्या काठी उनकेश्वर. जळगाव जिल्ह्यात अडावदजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव. रायगडात पालीजवळ उन्हेरे. दापोलीकडे उन्हवरे. राजापूरजवळ उन्हाळे. सीमा ओलांडून दक्षिण गुजरातेत गेलं की उनाई. नकाशे काढणारे आले त्याच्या कितीतरी आधी कुणीतरी त्या जागी पाण्यात हात घातला, तो झटकन मागे घेतला आणि जो शब्द तोंडातून निघाला तोच गावाचं नाव झाला.

जपानी भाषेत याच्याही पुढची गोष्ट आहे. तिथे थंड पाण्याला एक शब्द आहे, ‘मिझु’, आणि गरम पाण्याला अगदी वेगळा, ‘यु’. आपण ‘पाणी’ या नामाला विशेषण लावतो, त्यांच्याकडे नामच निराळं. थंडीने गारठणाऱ्या बेटांवर, जिथे जमिनीतून ऊन पाणी जागोजाग वर येतं, तिथल्या माणसांना ही दोन वेगळी द्रव्यं वाटली असणार. या ‘यु’चीही गावं आहेत. त्यांपैकी एकाचं जुनं नाव दोगो-युनोमाची, म्हणजे दोगो इथलं ऊन पाण्याचं गाव. ते आज मात्सुयामा शहराचा भाग आहे. या पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण त्या शहरावर आहे. उनकेश्वरापासून सुरू झालेलं पुस्तक तिथपर्यंत का गेलं, ते पुढे सांगतो. आधी उनकेश्वर.

दुसरं कारण नकाशाचं आहे. राजुऱ्याहून सर्वांत जवळचे गरम झरे शोधायचे तर पश्चिमेकडे जावं लागतं. वणी तालुक्यात विदर्भा नदीकाठचं कायर आहे. त्याहून पुढे, किनवट–माहूरच्या रानात उनकेश्वर आणि पैनगंगेच्या पैलतीरावर यवतमाळ जिल्ह्यातलं कापेश्वर. आज उनकेश्वर मराठवाड्यात मोडतं, राजुरा विदर्भात. मधे तेलंगणाचा आदिलाबादही येतो. त्यामुळे उनकेश्वर आपल्या भागातलं आहे असं इथे कुणाला वाटत नाही. पण जुन्या माणसांना विचारा. निजामाच्या राज्यात राजुरा आणि किनवट हे दोन्ही तालुके आदिलाबाद या एकाच जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा दोन्ही तालुके एकत्रच मुंबई राज्यात आले आणि नांदेड जिल्ह्याला जोडले गेले. राजुरा १९५९ साली चांद्याकडे, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडे आला, किनवट नांदेडकडेच राहिला. म्हणजे काही काळापूर्वीपर्यंत उनकेश्वर हे आमच्याच जिल्ह्यातलं तीर्थ होतं. कागदावरची रेघ सरकली आणि दोन पिढ्यांत ते परक्या गावासारखं झालं.

नदीने मात्र ती रेघ कधी मानली नाही. उनकेश्वरच्या कुंडातून ओसंडलेलं पाणी पैनगंगेच्या खोऱ्यातलं. पैनगंगा वढा-जुगादजवळ वर्धेला मिळते. तिथे मोठी यात्रा भरते, आमच्या भागातले कितीतरी लोक कार्तिकात संगमावर स्नानाला जातात. तिथून वर्धा खाली येते ती बल्लारपूर आणि राजुरा यांच्यामधून. उनकेश्वरचं पाणी आमच्या पुलाखालून जातं हे मला एका हिवाळ्यात नकाशा पसरून बसल्यावर ध्यानात आलं आणि त्या दिवसापासून हे पुस्तक माझ्या मनात सुरू झालं. पुढे वर्धा वैनगंगेला भेटते, दोघींची प्राणहिता होते, ती सिरोंच्यापाशी गोदावरीत जाते आणि गोदावरी तेलंगणात मणुगुरूच्या कोळसापट्ट्यातून वाहते. या मणुगुरूचं नाव लक्षात ठेवावं. त्याच्याकडे परत यायचं आहे.

ऊन पाणी जमिनीतून येतं कसं, याबद्दल आपल्याकडे दोन उत्तरं प्रचलित आहेत. एक रामाच्या बाणाचं. शरभंग ऋषींना त्वचेचा रोग जडला होता, रामाने बाण मारून भूमीतून ऊन पाणी काढलं आणि त्या पाण्याने ऋषी बरे झाले. ही कथा उनकेश्वरला सांगतात आणि उनपदेवलाही हीच सांगतात. दोन्ही ठिकाणी शरभंगांचाच आश्रम दाखवतात. मला यात भांडण दिसत नाही. वेदनेने तळमळणाऱ्या माणसाला जिथे आराम पडला, तिथे तिथे शरभंग होते, एवढाच त्याचा अर्थ मी घेतो.

दुसरं उत्तर शाळेत शिकलेलं असतं: खाली ज्वालामुखी आहे. हे महाराष्ट्रापुरतं चूक आहे, आणि ते नीट सांगायला हवं. आपल्या दख्खनच्या काळ्या कातळाचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला आणि केव्हाच थंड झाला. आज त्याच्यात पाणी तापवण्याइतकी धग उरलेली नाही. खरी गोष्ट साधी आहे. जमिनीत जसजसं खोल जावं तसतशी उष्णता वाढते, सर्वसाधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंश. पावसाचं पाणी खडकातल्या मोठ्या भेगांतून, भूगर्भशास्त्रज्ञ ज्यांना भ्रंश म्हणतात त्या तड्यांतून, एक-दोन किलोमीटर खोल झिरपतं. तिथे तापतं, वाटेत खडकांतले क्षार आणि वायू आपल्यात घेतं आणि दुसरी मोकळी तड सापडली की वेगाने वर येतं. वेगाने आलं तर ऊन राहतं, रेंगाळलं तर निवतं. हा प्रवास वर्षानुवर्षांचा, कधी शतकांचा असतो. आज कुंडात हाताला लागणारा थेंब आपल्यापैकी कुणी न पाहिलेल्या पावसातला असू शकतो. म्हणजे गरम झऱ्याला तीन गोष्टी लागतात: वरून पाऊस, खाली खोली आणि मधे उघडी वाट. ती वाट बुजली, हलली किंवा पाण्याची पातळी खाली गेली, की झरा थांबतो.

आम्हा राजुऱ्याच्या लोकांना जमिनीखालच्या गोष्टी सांगायला लागत नाहीत. सास्तीच्या खाणीचे भोंगे ऐकत आमची पिढी वाढली. गडचांदूर–आवारपूरच्या सिमेंट कारखान्यांत जाणारा चुनखडक शंभर कोटी वर्षांच्या आसपासचा, आणि त्या खडकांच्या समूहाला भूगर्भशास्त्रात पैनगंगेचंच नाव आहे. कोळसा त्याच्यापेक्षा पुष्कळ तरुण, गोंडवन काळातला. वर्धा खोऱ्यातून प्राणहिता–गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत जमिनीचा एक लांबलचक पट्टा भ्रंशांच्या मधे खचलेला आहे, त्या खचलेल्या खोबणीत हा कोळसा साचला आणि टिकला. मणुगुरूला, याच पट्ट्याच्या खालच्या टोकाकडे, कोळशाच्या शोधात बोअर पाडले तेव्हा त्यांतून ऊन पाणी आपणहून उसळून वर आलं. सिंगरेणी कोळसा कंपनीने तिथल्या पगिडेरू गावी त्या पाण्याच्या उष्णतेवर २० किलोवॅटचा प्रायोगिक वीजप्रकल्प उभा केला. वीस किलोवॅट म्हणजे फार काही नाही. तरी मला ही बातमी मोठी वाटली. शंभर वर्षं ज्या खोऱ्याने फक्त जाळण्यासाठी कोळसा दिला, त्याच खोऱ्याने धूर न करणारी ऊब दाखवली. खाणीचं दुसरं अंगही इथेच नोंदवतो. उघड्या खाणीत कोळसा काढायचा तर आधी आजूबाजूचं पाणी सतत उपसावं लागतं. जमिनीखालच्या पाण्याच्या वाटा आमच्या भागात माणसाने बदलल्या आहेत. झऱ्यांचा विचार करताना हे विसरून चालत नाही.

आता मात्सुयामा.

जपानच्या चार मोठ्या बेटांपैकी सर्वांत लहान शिकोकू. त्यावरच्या एहिमे प्रांताची राजधानी मात्सुयामा, वस्ती पाच लाखांच्या आसपास, बेटावरचं सर्वांत मोठं शहर. टेकडीवर जुना किल्ला, खाली सरकारी कचेऱ्या, न्यायालय, विद्यापीठ, रस्त्यातून धावणारी ट्राम. राजधानीच्या गावाला जे जे लागतं ते सगळं तिथे आहे. आणि ट्रामच्या एका टोकाला दोगोचं स्नानगृह. मी तिथे गेलेलो नाही. जे लिहिलं आहे ते वाचून, नकाशे आणि छायाचित्रं पाहून. पण जपानमध्ये गरम पाण्याची हजारो ठिकाणं असताना मी मात्सुयामाच धरून बसलो, कारण तिथली जमीन आपल्या जमिनीशी नातं सांगते. जपान म्हटलं की ज्वालामुखी आठवतो, आणि तिथल्या बहुतेक नावाजलेल्या कुंडांना ज्वालामुखीची धग मिळतेही. पण शिकोकूवर आज एकही जिवंत ज्वालामुखी नाही. दोगोचं पाणी ग्रॅनाइटच्या खडकातल्या भेगांतून वर येतं, उनकेश्वरसारखंच खोलीची ऊब घेऊन. निसर्गाने त्यांना आपल्यापेक्षा वेगळं काही दिलेलं नाही. म्हणून तुलना करायला हे शहर योग्य आहे. फरक जो पडला तो जमिनीच्या वर पडला.

दोगोचीही कथा आहे. पाय दुखावलेला एक पांढरा बगळा रोज खडकातल्या ऊन पाण्यात येऊन उभा राही, तो बरा होऊन उडून गेला, ते पाहून माणसं त्या पाण्यात उतरली. दुसरी कथा देवांची: आजारी पडलेल्या छोट्या देवाला मोठ्या देवाने या पाण्यात निजवलं, तो उठला आणि एका दगडावर नाचू लागला. तो दगड आजही दाखवतात. शरभंगाच्या कथेशेजारी या कथा ठेवाव्यात, एकमेकींच्या बहिणी शोभतील. इथपर्यंत त्यांच्यात आणि आपल्यात काही फरक नाही.

फरक सुरू होतो इसवी सन ६८४ मध्ये. त्या वर्षी जपानच्या दक्षिण किनाऱ्यावर प्रचंड भूकंप झाला. ७२० साली पुऱ्या झालेल्या ‘निहोन शोकी’ या इतिहासग्रंथात त्याची नोंद आहे, आणि तिच्यात हेही लिहिलं आहे की इयो प्रांतातलं गरम पाण्याचं उगमस्थान बुजलं आणि पाणी येईनासं झालं. इयो म्हणजे आजचा एहिमे, आणि ते पाणी म्हणजे दोगो. तेराशे वर्षांपूर्वी, घरं पडली, माणसं मेली, समुद्र चढला असं सगळं लिहीत असताना कुणाला तरी वाटलं की झरा थांबला हेही लिहिलं पाहिजे. ही ओळ मला कळली तेव्हा मी पुष्कळ वेळ बसून राहिलो. आपल्याकडे झरा कसा सुरू झाला याची कथा प्रत्येक कुंडावर ऐकायला मिळते. तो कधी थांबला, कधी कोमट झाला, परत केव्हा आला, हे विचारलं की माणसं एकमेकांकडे पाहतात.

पुढे १७०७, १८५४ आणि १९४६ च्या मोठ्या भूकंपांतही दोगोचं पाणी थांबलं. प्रत्येक वेळी काही काळाने ते परत आलं. जमिनीतले तडे हलले की पाण्याची वाट कशी बदलते, हे शास्त्रज्ञांना या नोंदींमुळे ताडून पाहता येतं. एका स्नानगृहाची वही भूकंपशास्त्राच्या उपयोगी पडली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला त्या दिवशी तुरळ, राजवाडी, अरवलीच्या कुंडांत काय घडलं? ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी हादरली तेव्हा उनकेश्वरचं पाणी गढुळलं का, वाढलं का? त्या सकाळी कुंडावर कुणीतरी नक्की होतं. माझ्या फिरतीत मी ज्यांना ज्यांना गाठलं त्यांना हे विचारलं आहे. जी उत्तरं मिळाली ती त्या त्या प्रकरणात सांगणाऱ्याच्या शब्दांत दिली आहेत, आणि जिथे दोन माणसांची उत्तरं जुळली नाहीत तिथे दोन्ही ठेवली आहेत.

मात्सुयामाच्या प्रकरणात वाचकाला एक माणूस भेटेल, इसानिवा युकिया. दोगो-युनोमाचीचा पहिला नगराध्यक्ष. जुनं स्नानगृह मोडकळीला आलं होतं. त्याने तीन मजली लाकडी इमारत बांधायचं ठरवलं. खर्चाचा आकडा ऐकून गाव त्याच्या विरोधात उभं राहिलं. गाव लहान, आणि हा माणूस स्नानगृहावर पैसा ओततोय. त्याचं म्हणणं असं होतं की शंभर वर्षांनंतरही दुसऱ्या कुणाला ज्याची नक्कल करता येणार नाही असं काही बांधलं तरच या गावाला अर्थ. किल्ल्याची कामं करणाऱ्या सुतारांच्या परंपरेतल्या साकामोतो माताहाचिरो याने ती इमारत उभी केली, १८९४ साली. छपरावर एक छोटा मनोरा आहे, लाल काचांचा. त्यात नगारा आहे. सकाळी सहा, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहा वाजता तो वाजतो. इमारतीला शंभर वर्षं झाली त्याच वर्षी, १९९४ मध्ये, तिला राष्ट्रीय महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती म्हणून मान्यता मिळाली. तोवर आणि त्यानंतरही ती रोज चालू आहे. आपल्याकडे वारसा ठरलेली वास्तू म्हणजे कुंपण, फलक आणि कुलूप. तिथे लोक पहाटे टॉवेल घेऊन तिच्यात अंघोळीला जातात.

जानेवारी २०१९ मध्ये तिची मोठी डागडुजी सुरू झाली. साडेपाच वर्षांनी, ११ जुलै २०२४ ला, संपूर्ण इमारत पुन्हा उघडली. या काळात स्नान पूर्ण बंद पडू नये म्हणून एकेक भाग दुरुस्तीला घेऊन दुसरा चालू ठेवला. मला या गोष्टीचं सर्वांत जास्त कौतुक आहे. नवं बांधण्यापेक्षा वापरातलं न थांबवता दुरुस्त करणं कठीण. घरातली चालती विहीर उपसून साफ केलेल्या कुणालाही हे पटेल.

पाण्याची व्यवस्थाही सांगण्यासारखी आहे. आता दोगोला पाणी आपोआप उसळत नाही, वेगवेगळ्या विहिरींतून उपसतात. काही विहिरींचं फार ऊन, काहींचं कोमट. ते मिसळून साधारण ४२ अंशांवर आणतात. बाहेरून तापवत नाहीत आणि साधं पाणी घालून निववतही नाहीत. स्नानाची रीत अशी की आधी बाहेर बसून, साबण लावून, अंग स्वच्छ धुवायचं, साबण पूर्ण निघाला की मगच कुंडात उतरायचं. कुंड मळ धुण्यासाठी नाही, ऊब घेण्यासाठी आहे. ही एवढी एक रीत आपल्या कुंडांवर रुजली तर पाण्याचा रंग महिन्याभरात बदलेल. आपल्यालाही ती परकी नाही: विहिरीवर पाय धुऊन मग चौथऱ्यावर चढायचं, हे आपल्या आज्यांनी पाळलेलंच आहे.

शहराची साहित्याशी गाठ मोठी आहे आणि मराठी वाचकाला तिच्यातला एक धागा जवळचा वाटेल. हायकूला आधुनिक रूप देणारे मासाओका शिकी १८६७ साली मात्सुयामात जन्मले. क्षयाने अंथरुणाला खिळून १९०२ साली गेले, तोवर लिहीत राहिले. मराठीत हायकू आणला आणि रुजवला तो शिरीष पै यांनी. म्हणजे तीन ओळींची ती कविता आपल्या दिवाळी अंकांत अवतरली, तिच्या वाटेवर हे ऊन पाण्याचं गाव लागतं. शिकींचे मित्र नात्सुमे सोसेकी १८९५ मध्ये या गावच्या शाळेत शिकवायला आले आणि पुढे १९०६ साली त्यांनी ‘बोच्चान’ ही कादंबरी लिहिली. देशाच्या राजधानीतून आलेला तिचा तरुण मास्तर गावाला नावं ठेवतो, माणसांना नावं ठेवतो, आवडतं ते फक्त गरम पाण्याचं स्नान. गावाने राग धरला नाही. आज तिथल्या छोट्या आगगाडीला त्याच कादंबरीचं नाव आहे. शहरात ठिकठिकाणी टपालपेट्यांसारख्या पेट्या आहेत, येणाऱ्या-जाणाऱ्याने हायकू लिहून त्यात टाकावा म्हणून. पुन्हा तेच: लिहून ठेवण्याची सवय.

शिकोकूची अठ्ठ्याऐंशी देवळांची परिक्रमा आहे. एक्कावन्नावं देऊळ, इशितेजी, दोगोपासून चालत जाण्याच्या अंतरावर. शतकानुशतकं पायी चालणारे यात्रेकरू इथे थकलेले पाय ऊन पाण्यात सोडून बसले. त्या यात्रेकरूंत कुष्ठरोगी पुष्कळ असत. घरातून बाहेर काढलेली, परत न जाण्यासाठीच निघालेली माणसं. जपानमधल्या कुसात्सु या दुसऱ्या गरम पाण्याच्या गावी तर त्यांची वस्तीच झाली होती. पुढे सरकारने कायदा करून रोग्यांना समाजापासून अलग कोंडलं. औषध निघून कित्येक वर्षं लोटली तरी तो कायदा उठला नाही, तो उठला १९९६ मध्ये.

हे वाचताना मला आमचा जिल्हा आठवत होता. शरभंगांच्या त्या कथेतल्या रोगाला लोक कुष्ठ म्हणतात, आणि उनकेश्वरला त्वचेच्या दुखण्यांची माणसं आजही येतात. आमच्याच जिल्ह्यात वरोऱ्याला बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली, आनंदवन उभं राहिलं. तिथे माणसं औषधाने बरी झाली आणि कामाने उभी राहिली. म्हणून या पुस्तकात एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे आणि इथेही लिहितो. ऊन पाण्याने सांधे सैल होतात, खाज शमते, खपल्या मऊ होतात, झोप लागते. याला कमी लेखू नये, दुखणाऱ्या माणसाला एक रात्र झोप लागणं मोठं असतं. पण कुष्ठरोग पाण्याने बरा होत नाही. तो गोळ्यांनी बरा होतो, पूर्ण बरा होतो आणि त्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. अंगावर बधिर चट्टा असलेल्या माणसाने आधी दवाखान्यात जावं, मग खुशाल कुंडावर जावं. बधिर हातापायांना पाण्याचा चटका कळत नाही, तेव्हा त्याच्याबरोबर कुणीतरी असावं.

कोकणावर मी थोडंच लिहिलं आहे. त्या बाजूला सांगणारे पुष्कळ आहेत. पालघरच्या कोकणेर–सातिवलीपासून तानसेकाठच्या अकलोली–गणेशपुरीवरून खाली राजापूरपर्यंत झऱ्यांची जवळपास सरळ माळ आहे, ती पाहिली की जमिनीची तड डोळ्यांसमोर उभी राहते. उन्हवऱ्याचं पाणी सत्तर अंशांच्या आसपासचं, त्यात हात घालवत नाही. वज्रेश्वरीचं देऊळ चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसईविजयाशी जोडलेलं, त्याची हकिगत बहुतेकांना ठाऊक आहे. विदर्भातल्या सालबर्डीवर मात्र स्वतंत्र प्रकरण आहे. मोर्शी तालुक्याच्या टोकाला, सातपुडा जिथे चढू लागतो तिथे, शिवरात्रीच्या जत्रेला लाखाने माणूस जातो, पण झऱ्याकडे वळणारे थोडे.

या फिरतीत मनाला लागलेल्या गोष्टीही आहेत. एका कुंडाच्या भोवती सुशोभीकरणाच्या नावाने फरशी घातली, ती घालताना झऱ्याच्या एका तोंडावरच सिमेंट पडलं आणि तिथून येणारे बुडबुडे थांबले. हे मला सांगणाऱ्या बाईंनी बोट दाखवून ती जागा दाखवली. लहानपणी त्या तिथे बसत असत. बांधणाऱ्यांनी वाईट हेतूने काही केलं असं मी म्हणत नाही. त्यांना झरा कुठून येतो हे कुणी सांगितलंच नव्हतं, कारण ते कुठे लिहिलेलं नव्हतं. एकोणिसाव्या शतकात ओल्डहॅम पितापुत्रांनी भारतातल्या सुमारे तीनशे गरम झऱ्यांची यादी केली, पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने ती वाढवत साडेतीनशेच्या जवळ नेली. तज्ज्ञांनी आपलं काम केलं आहे. पण तज्ज्ञ काही वर्षांतून एकदा येणार. कुंडावर रोज जाणारा माणूस वेगळा. तो पुजारी असेल, चहाच्या टपरीवाला असेल, गुरं घेऊन जाणारा मुलगा असेल.

म्हणून पुस्तकाची रचना अशी केली आहे. आधी कायर, उनकेश्वर, कापेश्वर आणि सालबर्डी, मग उनपदेव आणि कोकण, मग मणुगुरू, शेवटी मात्सुयामा. मी पाहिलेल्या प्रत्येक झऱ्याच्या प्रकरणाच्या सुरुवातीला मी गेलो त्या दिवसाची तारीख, वेळ, हवेचं आणि पाण्याचं तापमान दिलं आहे. माझ्याकडे साधा काचेचा तापमापक होता, शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसला. त्यामुळे अर्ध्या अंशाचा फरक धरून चालावं. तापमापक पाण्यात धरून दोन मिनिटं थांबायचं, पाण्यातच असताना वाचायचा, बाहेर काढून नाही. कुंडात अनेक जागा असतील तर जिथून बुडबुडे येतात त्या जागेचं घ्यायचं आणि ती जागा खुणेने लिहून ठेवायची: पिंपळाच्या बाजूची, पायरीपासून दोन हातांवरची, अशी.

पुस्तकाच्या शेवटी बारा पानं कोरी आहेत. छापखान्यात विचारणा झाली की पानं उरली आहेत का, जाहिरात घ्यायची का. ती मुद्दाम सोडली आहेत. त्यांवर फक्त रकाने आखले आहेत: झरा, तारीख, वेळ, हवा, पाणी, बुडबुडे आहेत की नाहीत, शेरा. पहिल्या ओळीत उनकेश्वरचा एक आकडा मी भरून दिला आहे, जानेवारीतल्या एका पहाटेचा. दुसरी ओळ मोकळी आहे.